संस्थेच्या ईमेलला काय नियम लावायचे? मसुदा माझ्या गळ्यात पडलाय

तिसरं_गेट

नमस्कार मंडळी, बेळगावात टिळकवाडीकडं आमची एक जुनी सांस्कृतिक संस्था आहे, नाव मुद्दाम देत नाही. वाचनालय, हिवाळ्यात व्याख्यानमाला, मे महिन्यात मुलांचं शिबिर असं चालतं. सभासद साडेचारशेच्या आसपास, त्यातले बरेच आता पुण्या-मुंबईला नाहीतर कोल्हापूरला, काही परदेशात, त्यामुळं सगळा कारभार ईमेलवर आलाय. यंदा मला सहकार्यवाह केलं आणि वार्षिक सभेत कोणीतरी उठून "मेलला काय तर शिस्त लावा" म्हटलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नियमावलीचा मसुदा माझ्या गळ्यात.

त्रास कसला ते सांगते. व्याख्यानाची मेल गेली की ढीगभर लोक सगळ्यांना रिप्लाय करून "अभिनंदन", "स्तुत्य उपक्रम", "येऊ शकत नाही, नातीचं बारसं आहे" असं पाठवतात. एका सभासदानं यादी उचलून स्वतःच्या प्लॉटच्या स्कीमची जाहिरात सगळ्यांना पाठवली, विचारलं तर म्हणे मी पण सभासदच आहे की, यादी माझी पण आहे. मग पुस्तक खरेदीच्या मेलखाली हिशेबावरनं दोघांची जुंपली, आधी अहो-जाहो, मग अरे-तुरे, शेवटी एकानं दुसऱ्याच्या वडिलांचं जुनं कर्ज काढलं आणि हे सगळं साडेचारशे घरांत पोचलं. अमेरिकेतल्या एका काकांनी वैतागून "मला यादीतून काढा" लिहिलं, ते पण सगळ्यांना.

नेटवर कंपन्यांच्या ईमेल पॉलिसी मिळतात, खरं त्या नोकरांसाठी असतात, उल्लंघन केल्यास कामावरून कमी वगैरे. आम्ही कुणाला कमी करणार, उलट वर्गणी मागायला आम्हीच दारात. कुणी आपल्या मंडळात असं काय केलंय का? आणि सभेची नोटीस नुसती मेलनं चालते का, तेही सांगा.

उद्यमबाग_लेथ

नियम लिहायच्या आधी सेटिंग बघा, अर्धी भांडणं तिथंच मिटतात.

तुमची मेल सगळ्यांचे पत्ते 'टू'त नाहीतर 'सीसी'त टाकून जात असणार. ते आजच बंद करा. 'टू'मध्ये संस्थेचाच पत्ता, सभासद सगळे 'बीसीसी'त. मग कुणी कितीही जोर लावून रिप्लाय ऑल दाबू दे, उत्तर फक्त संस्थेला येतं, कारण बीसीसीतले बाकीचे पत्ते त्याला दिसतच नाहीत. नातीच्या बारशाचं तुम्हालाच कळेल, पेढे तेवढे मागून घ्या.

एक अडचण आहे. साध्या जीमेलवरनं दिवसाला ५०० च्या वर पत्त्यांना मेल जात नाही, आणि ते मेल मोजत नाहीत, पत्ते मोजतात. म्हणजे सकाळी साडेचारशे जणांना नोटीस गेली आणि संध्याकाळी "वेळ सहाऐवजी साडेसहा" अशी दुरुस्ती पाठवायला गेलात की अडकलात, २४ तासांपर्यंत अकाउंटवरनं पाठवणंच बंद होऊ शकतं. त्यापेक्षा गूगल ग्रुप करा. पोस्ट कोण टाकू शकतं तिथं फक्त व्यवस्थापक, उत्तर कुणाला जावं तिथं फक्त पाठवणाऱ्याला, आणि सभासदांची यादी कोण बघू शकतं ते विसरू नका, तिथंही फक्त व्यवस्थापक, नाहीतर प्लॉटवाले साहेब तिथनं पुन्हा यादी काढतील. लोकांना चर्चा पाहिजेच असेल तर दुसरा ग्रुप काढा, ज्याला हौस आहे त्यानं आपणहून यायचं आणि कंटाळा आला की आपणहून जायचं. आमच्या कारखानदार मंडळींत असंच आहे, नोटिशीच्या ग्रुपात सगळे, गप्पांच्या ग्रुपात मोजके, भांडण झालं तरी त्या मोजक्यांतच फिरतं.

शिबिराचे फोटो मेलला जोडू नका. २५ एमबीच्या वर गेलं की जीमेल ड्राइव्हची लिंक करतं, ती उघडायची परवानगी द्यायची राहिली की प्रत्येक आईबापाची वेगळी विनंती येऊन पडते. आणि लहान मुलांचे फोटो उघड्या लिंकवर टाकायचे का, हे पालकांना आधी विचारा.

काळी_आमराई

ताई, वकिली करतो म्हणून थोडं लांब लिहितो, सवय आहे.

"यादी माझी पण आहे" हे म्हणणं चूक. सभासदानं फॉर्मवर ईमेल लिहून दिला तो संस्थेनं त्याला संस्थेचं कळवावं म्हणून दिला, दुसऱ्या सभासदानं प्लॉट विकावा म्हणून नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा मथितार्थ हाच आहे, माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरायची, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणं सोपं पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्यात, म्हणजे घर आवरायला वेळ आहे. तोपर्यंत सभासदत्वाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा की हा पत्ता संस्थेच्या कामासाठीच वापरला जाईल, दुसऱ्या कुणाला दिला जाणार नाही. अमेरिकेतल्या काकांना लगेच यादीतनं काढा, सभासदत्व तसंच राहू दे, मेल नको म्हणणं म्हणजे राजीनामा नव्हे.

भांडणाचं. असल्या वेळी कोणीतरी हमखास "६६ए लावतो" म्हणतो. आयटी कायद्यातलं ते कलम, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याबद्दलचं, सुप्रीम कोर्टानं २०१५ लाच रद्द केलंय, तेव्हा त्याला घाबरायचं कारण नाही. खरं अब्रुनुकसानी शिल्लक आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत होती, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. एखाद्याला एकट्याला शिवी लिहिली ती गोष्ट वेगळी, आणि त्याच्याबद्दल काय वाट्टेल ते साडेचारशे जणांना लिहिलं ती वेगळी, कारण ते तिसऱ्या माणसांपर्यंत गेलं. वडिलांचं कर्ज काढणाऱ्याला हे प्रेमानं समजावा. नियमात एवढंच घाला की हिशेबाबद्दल शंका असेल तर खजिनदाराला लेखी विचारायची, खजिनदारानं ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं, आणि समाधान नाही झालं तर कार्यकारिणीपुढं. मुदत नक्की घाला. लोक रिप्लाय ऑल का करतात? एकट्याला विचारलं तर उत्तर येत नाही म्हणून.

नोटीस. तुमची संस्था कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खाली असणार. पुण्याच्या एखाद्या संस्थेची घटना उतरवून त्यात "धर्मादाय आयुक्त" तसंच ठेवलेल्या संस्था मी बघितल्यात, इकडं तो कारभार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडं. तुमच्या बायलॉजमध्ये नोटीस कशी द्यायची लिहिलंय ते काढून बघा. "पोस्टाने किंवा हस्ते" एवढंच असेल तर नुसती मेल पुरत नाही, उद्या एखादा ठराव आवडला नाही की कुणी ना कुणी नोटीसच मिळाली नाही म्हणून उभा राहणार. आधी बायलॉज दुरुस्त करा, तोवर पोस्ट, फलकावर एक प्रत, आणि वर मेल.

जांबोटीचा_पाऊस

वकील साहेब तुमचं बरोबर, खरं आमच्या खानापूर साईडला नियम वाचतंय कोण. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघात चार पानी नियमावली केली, पीडीएफ पाठवली, आणि त्याच पीडीएफला रिप्लाय ऑल करून लोकांनी अभिनंदन केलं.

आमचं खरं दुखणं वेगळंच होतं. सेक्रेटरी गुरुजी जुन्या माणसांतले, पत्रं डीटीपीवाल्याकडं श्रीलिपीत, म्हणजे तो फॉन्ट नसला तर वाचता न येणाऱ्या जुन्या पद्धतीत, टाइप करून घ्यायचे आणि तेच उचलून मेलमध्ये चिकटवायचे, समोर सगळी चिन्हंच चिन्हं. कोण म्हणालं व्हायरस आलाय, एक वैनी तर फोन बंद करून बसल्या. आता ठरवलंय, मेलमध्ये फक्त युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणारं मराठी, डीटीपीचं पत्र असेल तर पीडीएफ. आणि विषयाच्या ओळीत काय आहे ते सरळ लिहायचं. नुसतं "महत्त्वाचे" लिहून पाठवालेत सगळे, दहा मेल महत्त्वाच्या आल्या की एक पण उघडत नाही माणूस. "वार्षिक सभा, रविवार सकाळी १०, संस्थेचे सभागृह" एवढं ओळीतच असलं तर न उघडता पण काम होतंय.

आणि पावसाळ्यात आमच्याकडं लाइट गेली की नेट गेलं. रात्री ११ ला मेल टाकून सकाळी ९ ला हजर राहा म्हणायचं नाही. तातडीचं असेल तर फोन करा की.

निपाणीकर

दोन विषय अजून कुणी काढले नाहीत.

पहिला निवडणूक. कार्यकारिणीची निवडणूक आली की यादी ज्याच्या हातात त्याचं पॅनेल जोरात. सेक्रेटरी स्वतः उमेदवार, संस्थेच्याच आयडीवरनं "अनुभवी नेतृत्वाला साथ द्या". समोरच्याला पत्ते मिळत नाहीत आणि मग तो चोरून मिळवतो. यावर एका पतसंस्थेत बघितलेला उपाय चांगला वाटला, अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत संस्थेचा मेल निवडणूक अधिकाऱ्याच्या ताब्यात, प्रत्येक उमेदवाराचं एक पान, सगळ्यांना सारख्याच शब्दमर्यादेत, एकाच मेलमधनं, आडनावाच्या अकारविल्ह्यानं. त्यापलीकडं प्रचार करायचा तो आपल्या फोनवरनं.

दुसरा, १ नोव्हेंबर जवळ आला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. एक सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाचं पाठवतो, दुसरा कर्नाटक राज्योत्सवाच्या शुभेच्छा पाठवतो, झालं. मी पक्का मराठी माणूस आहे, माझं मत कुणाला विचारायची गरज नाही, खरं संस्थेत कन्नड बोलणारे सभासद आहेत, सरकारी नोकरीतले आहेत, आणि तुमच्या संस्थेच्या नावानं गेलेली मेल ही संस्थेची भूमिका धरली जाते. भूमिका घ्यायची तर सभेत ठराव करून घ्या, मग पाठवा. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आपल्या रिप्लाय ऑलनं तो काय निकाली निघत नाही.

जाता जाता, कन्नड सभासद असतील तर सभेच्या नोटिशीखाली चार ओळी कन्नडमध्ये टाका. आम्ही टाकतो, कुणाचं काय बिघडत नाही, उलट उपस्थिती वाढली.

तिसरं_गेट

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. चार पानी करत नाही. असं लिहिलंय बघा:

"सभासदाचा ईमेल पत्ता संस्थेच्या कामासाठी घेतलेला आहे. तो इतर सभासदाला किंवा बाहेर दिला जाणार नाही, त्यावर व्यापारी जाहिरात, वर्गणीखेरीज पैशाची मागणी किंवा निवडणूक प्रचार करता येणार नाही. संस्थेच्या नावाने मेल फक्त अध्यक्ष, कार्यवाह व खजिनदार पाठवतील. हिशेब किंवा कारभाराबद्दलची शंका कार्यवाहांकडे लेखी द्यावी, पंधरा दिवसांत उत्तर मिळेल. मेल नको असल्यास तसे कळवावे, सभासदत्वास बाधा येणार नाही. नियम मोडल्यास कार्यवाह प्रथम फोनवर बोलतील, पुन्हा मोडल्यास चर्चेच्या ग्रुपातून सहा महिने बाहेर, नोटिसा मात्र मिळत राहतील."

फोनवर बोलायचं मुद्दाम घातलंय, लेखी समज दिली की आमच्याकडं माणूस लेखी उत्तर देतो आणि ते पुन्हा सगळ्यांना.

काळी_आमराई

चांगलं झालंय. "वर्गणीखेरीज" च्या जागी "संस्थेने ठरावाने मान्य केलेल्या वर्गणी किंवा देणगीखेरीज" करा, नाहीतर कोणीतरी गणपतीची वर्गणी पण यात बसवेल. आणि नोटिसा चालू ठेवल्यात ते बरोबर केलंत, सभेची नोटीस हा सभासदाचा हक्क आहे, शिक्षा म्हणून ती थांबवता येत नाही.

उद्यमबाग_लेथ

एक राहिलं. संस्थेचा जीमेल कुणाच्या नंबरवर आहे ते आजच बघा. बहुतेक ठिकाणी जुन्या कार्यवाहांच्या मोबाइलवर असतो, ते मुलाकडं बेंगळूरला गेले की ओटीपी तिकडं जातो. दोन पदाधिकाऱ्यांचे नंबर लावा, टू-स्टेप चालू करा, पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलायचा आणि तसं प्रोसिडिंगमध्ये लिहायचं. जुना पडून असलेला दुसरा एखादा आयडी असेल तर त्यातली कागदपत्रं आधी काढून घ्या, दोन वर्षं कुणी उघडला नाही तर गूगल ते खातं उडवू शकतं.

आणि मसुद्यात हे घाला की पैसे नुसत्या मेलवर कधीच द्यायचे नाहीत. "मी अध्यक्ष बोलतोय, मिटिंगमध्ये आहे, फोन करू नका, या नंबरवर तेवढे पाठवा" अशा मेल येतात, नाव अध्यक्षांचं दिसतं, नावावर बोट ठेवलं की खाली पत्ता भलताच. खजिनदारानं अध्यक्षांच्या नेहमीच्या नंबरवर फोन करूनच पैसे सोडायचे, राग आला तर येऊ दे. गेलेच पैसे तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, मिटिंग बोलवत बसू नका.

तिसरं_गेट

नंबर बघितला. तीन कार्यवाहांपूर्वीच्या काकांचा आहे, सध्या हुबळीला असतात. रविवारी त्यांनाच बोलावलंय.