एडिसन (न्यू जर्सी): आईच्या ड्रेसिंगसाठी घरी येणारी एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) कशी शोधायची?

मिडलसेक्सकर
आई 74 वर्षांची, पुढच्या आठवड्यात डिस्चार्ज. पायाच्या जखमेचं ड्रेसिंग एक दिवसाआड, इन्सुलिन दोन वेळा. मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आहे. ओळखीतून एक नर्सबाई मिळताहेत, पण पैसे रोख हवेत म्हणतात. लायसन्स कसं तपासू?

औषधपेटी
बाईंना ठरवण्याआधी हॉस्पिटलच्या केस मॅनेजरला (डिस्चार्जनंतरची सोय बघणाऱ्याला) गाठा, डिस्चार्जच्या आधीच. डॉक्टरांकडून 'होम हेल्थ'ची ऑर्डर लिहून घ्या. घराबाहेर पडणं आईंना फार जड जात असेल तर मेडिकेअर नर्सच्या फेऱ्या देतं, खिशातून काही जात नाही, ड्रेसिंगचं सामानही त्यातच. पहिली फेरी आरएनची (रजिस्टर्ड नर्स, एलपीएनच्या वरची); ती प्लॅन आखते. पुढचं ड्रेसिंग एलपीएन करू शकते. नर्स काम करून निघून जाते हो, दिवसभर बसत नाही.

इन्सुलिनवर मात्र गाडी अडते. आईंना स्वतःला टोचता येत नसेल आणि घरातही ते करायला कुणी तयार नसेल, तरच रोजच्या इंजेक्शनसाठी नर्स मिळते. त्यापेक्षा पहिल्या काही फेऱ्यांत नर्सकडून शिकून घ्या, ते शिकवणंही मेडिकेअरमध्ये बसतं.

कागदपत्रं_आधी
लायसन्स तपासायला नर्सिस डॉट कॉमवर (Nursys.com) 'क्विककन्फर्म' ही सोय आहे, फुकट आहे. नाव किंवा लायसन्स नंबर टाका. स्टेटस, मुदत आणि शिस्तभंगाची कारवाई, तिन्ही बघा. नाव फोटो आयडीशी जुळवा. लग्नानंतर आडनाव बदललेलं असलं की इथेच घोळ होतो. कार्डाच्या व्हॉट्सअॅप फोटोवर विसंबू नका.

रोखीचं म्हणाल तर घरी नेमलेली नर्स बहुतेक वेळा तुमची नोकर ठरते, कॉन्ट्रॅक्टर नाही. वर्षात तिला ठरलेल्या मर्यादेइतके (2025 मध्ये ती 2,800 डॉलर होती) किंवा जास्त दिलेत की सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कर तुमच्या गळ्यात. तुमचा वाटा 7.65 टक्के, तिचाही तेवढाच. टॅक्स रिटर्नसोबत शेड्यूल एच हा फॉर्म भरावा लागतो. शिवाय एलपीएनला आरएन किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करता येतं. परस्पर नेमलीत तर जखम चिघळल्यावर ती फोन कुणाला करणार, हे आधी ठरवा.

मिडलसेक्सकर
बाईंचं लायसन्स न्यूयॉर्कचं निघालं. चालेल?

कागदपत्रं_आधी
नाही. न्यू जर्सी नर्सिंग कॉम्पॅक्टमध्ये (एकमेकांची मल्टीस्टेट लायसन्सं मानणाऱ्या राज्यांच्या करारात) आहे, न्यूयॉर्क नाही. त्यांना जर्सीचं वेगळं लायसन्स काढावं लागेल. कॉम्पॅक्टमधल्या राज्याचं असलं तरी 'मल्टीस्टेट' लिहिलंय का बघा, 'सिंगल स्टेट' असेल तर इथे चालत नाही. आणि टेक्सासच्या कुणाच्या लायसन्सवर एलव्हीएन दिसलं तर दचकू नका, तिकडे एलपीएनलाच तसं म्हणतात.