गाडीची चावी चालत नाहीये, मदत हवी आहे (तातडीने!)

चिंचेचं झाड:
कालपासून चावी चालत नाहीये. सेल बदलला, नवाकोरा, तरी तेच. उद्या पहाटे सासूबाईंना घेऊन वाईला निघायचंय. पटकन सांगा. गुगल करून झालंय.

आगाऊ कार्टं:
चालत नाही म्हणजे नक्की काय? दार उघडत नाही, चावी फिरत नाही, की फिरते पण गाडी सुरू होत नाही? बटणाची गाडी की खोचायची?

चिंचेचं झाड:
दार रिमोटने उघडतं हो. सुरू होत नाही. खोचायची. २०१४ची हॅचबॅक.

निवृत्त नाना:
सेल सीआर२०३२च घेतलात ना? दुकानदार २०२५ खपवतात. रुंदी तीच २० मिमी, पण जाडी ३.२ ऐवजी २.५, मग पत्रा टेकत नाही.

आगाऊ कार्टं:
नाना, रिमोट चालतोय म्हणतायत ना त्या! सेल फक्त रिमोटसाठी. इंजिनाला परवानगी देणारी चिप वेगळी, तिला सेल लागतच नाही. खोचायच्या जागेभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून तिला वीज मिळते.

निवृत्त नाना:
माझ्या १९८९च्या गाडीला चिपबिप नव्हती. शेजाऱ्याच्या चावीनेही उघडायची.

आगाऊ कार्टं:
म्हणूनच चिप आली, नाना.

शुद्धलेखन:
पुण्यात असाल तर किल्ली म्हणा.

घाटवाटा:
पावसाळ्यात लॉक गंजतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला. तेल अजिबात नको, धूळ धरतं. वाईला जाताय तर मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा चुकवू नका.

आगाऊ कार्टं:
चावी फिरतेय, शिसं कशाला? ताई, फिरवल्यावर मीटरमध्ये चावीचं चित्र लुकलुकतं का? आणि सेल बदलला कोणी?

चिंचेचं झाड:
लुकलुकतं. इंजिन क्षणभर घरघरतं आणि बंद. सेल मीच बदलला. नखाने उघडेना, म्हणून ओट्यावर भाजीच्या सुरीने. टचकन उघडली. परवा पँटच्या खिशातून मशीनमध्ये धुतली गेली होती, पण नंतर वाळवली की उन्हात.

आगाऊ कार्टं:
हे आत्ता सांगताय?! उघडताना काही उडालं का? तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा काळा तुकडा?

चिंचेचं झाड:
उडालं काहीतरी. प्लॅस्टिकचा टवका वाटला.

आगाऊ कार्टं:
तीच चिप. केर टाकला नसेल तर शोधा. सापडेपर्यंत दुसरी चावी वापरा.

चिंचेचं झाड:
दुसरी नवऱ्याच्या बॅगेत. तो नागपूरला.

घाटवाटा:
तरी पूड घालून बघाच.

चिंचेचं झाड:
सापडली!! गॅसच्या शेगडीखाली, मोहरीत. चावीत तिचा खाचा रिकामाच होता. बसवली, वरून चिकटपट्टी गुंडाळली. पहिल्याच फटक्यात सुरू. कार्ट्या, तुला वाईचे कंदी पेढे. मेणवलीचा वाडा सकाळी कितीला उघडतो?

निवृत्त नाना:
सेलच्या पाठीवरचा आकडा तेवढा बघून घ्या.