मदत हवी आहे : बोरिस अर्काद्येव यांच्या बडतर्फीविषयीचे साहित्य

सप्रेम नमस्कार.

सोव्हिएत फुटबॉल प्रशिक्षक बोरिस अर्काद्येव यांच्यावर मी एक दीर्घ लेख लिहीत असून त्यासाठी रशियन वाचता येणाऱ्या सभासदांचे साहाय्य हवे आहे. खेळाडूंनी ठरलेल्या जागा सोडून सतत अदलाबदल करावी, ही त्यांची 'संघटित अव्यवस्था' १९४० साली डायनॅमो मॉस्कोला विजेतेपद देऊन गेली आणि पुढे लष्कराच्या संघाने त्यांच्या हाताखाली १९४६ ते १९५१ या काळात पाच वेळा साखळी स्पर्धा जिंकली. मात्र १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये, ताम्पेरे येथे, युगोस्लाव्हियाविरुद्ध १-५ अशा पिछाडीवरून ५-५ अशी बरोबरी साधूनही अर्काद्येव यांच्याच मार्गदर्शनाखालील सोव्हिएत राष्ट्रीय संघ फेरसामन्यात १-३ असा हरला. सोव्हिएत नेते स्टालिन आणि युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांच्या वैरामुळे ही हार केवळ मैदानापुरती राहिली नाही. लष्कराचा संघच बरखास्त झाला आणि अर्काद्येव यांची 'सन्मानित क्रीडाप्रवीण' ही पदवी काढून घेण्यात आली. राष्ट्रीय संघात इतर क्लबांचे खेळाडूही असताना शिक्षा नेमकी या क्लबला व्हावी, हे मला विलक्षण वाटते.

ही शिक्षा देणाऱ्या, ऑगस्ट १९५२ मधील सोव्हिएत क्रीडा समितीच्या आदेशाचा पूर्ण मजकूर कोणाकडे आहे का? तसेच, १९५७ मध्ये लोकोमोतिव्ह मॉस्कोला सोव्हिएत चषक जिंकून देण्यापर्यंत त्यांचे पुनर्वसन कोणाच्या शब्दाने झाले, यावर विश्वसनीय रशियन लेखन ठाऊक असल्यास कृपया कळवावे. मराठी किंवा इंग्रजी सारांशही चालेल.