कोरियन ‘मॉक्ता’ (खाणे) : आदरार्थी रूप नेमके केव्हा वापरावे?

प्रश्न :
मी सात महिन्यांपासून कोरियन शिकत आहे आणि पुण्याजवळच्या एका कोरियन कंपनीत काम करते. परवा दुपारी वयाने बऱ्याच ज्येष्ठ असलेल्या एका कोरियन अधिकाऱ्यांना मी ‘चॉमशिम मॉगॉस्सॉयो?’, म्हणजे ‘दुपारचे जेवण झाले का?’, असे विचारले. त्यांनी हसून उत्तर दिले. परंतु वडीलधाऱ्यांना असे विचारत नाहीत, असे नंतर एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितले. शेवटी ‘यो’ लावला की वाक्य आदरार्थी होते असे मी शिकले होते, मग चूक कोठे झाली? शिवाय ‘मॉक्ता’मधला ‘क’ बोलताना कधी ‘ग’ तर कधी ‘ङ’ का ऐकू येतो?

उत्तर १ :
‘यो’ हा ऐकणाऱ्याविषयीचा आदर आहे. खाणाऱ्याविषयीचा आदर कोरियनमध्ये वेगळा दाखवावा लागतो, आणि तुमच्या वाक्यात तोच राहून गेला. हा भेद मराठी माणसाला परका नाही. ‘अरे, आजोबा जेवले का रे?’ असे आपण धाकट्या भावाला विचारतो तेव्हा भावाशी एकेरीत बोलत असूनही आजोबांसाठी ‘जेवले’ हे आदरार्थी बहुवचनच वापरतो. कोरियनमध्ये हेच वाक्य ‘हाराबॉजी दुश्यॉस्सॉ?’ असे होईल : शेवटी ‘यो’ नाही, कारण समोर धाकटा भाऊ आहे, पण क्रियापद बदलले आहे, कारण खाणारे आजोबा आहेत. ‘मॉक्ता’ऐवजी येणारे हे आदरार्थी क्रियापद म्हणजे ‘दुशिदा’. तुमच्या प्रसंगात ऐकणारी आणि खाणारी व्यक्ती एकच असल्यामुळे दोन्ही आदर हवेत : ‘चॉमशिम दुश्यॉस्सॉयो?’ घरातील अतिवृद्धांसाठी ‘चाप्सुशिदा’ असेही क्रियापद आहे.

मात्र ‘दुशिदा’ स्वतःसाठी कधीही वापरू नये. त्यांनी उलट विचारले, तर तुमचे उत्तर ‘मॉगॉस्सॉयो’ हेच.

उत्तर २ :
उच्चाराचे उत्तर आपल्या शालेय व्याकरणातच आहे. वाक् + ईश = वागीश, वाक् + मय = वाङ्मय. शब्दाचे मूळ ‘मॉक्’. पुढे स्वर आला की ‘मॉगॉयो’, पुढे अनुनासिक आले की ‘मॉङ्नुन’. कोरियन लिपीत मात्र मूळ अक्षर तसेच राहते, संधी केवळ उच्चारात होतो, म्हणून तुमची गल्लत झाली. (देवनागरीतील हे उच्चार जवळपासचेच आहेत, ‘मॉ’मधला स्वर ‘अ’ आणि ‘ऑ’ यांच्या मधला आहे, तो ऐकूनच शिकावा.)

उत्तर ३ :
‘खाणे’ आणि ‘मॉक्ता’ यांची वाक्प्रचारांत कोठवर सोबत होते, हा मला फार जिव्हाळ्याचा विषय आहे. ‘योगुल मॉक्ता’ म्हणजे अक्षरशः शिव्या खाणे; लाच खाणेही दोन्हीकडे आहे. त्यामुळे धीर येऊन विद्यार्थी सर्वच वाक्प्रचार शब्दशः उचलतात आणि फसतात. मार खाण्यासाठी तेथे ‘मात्ता’ हे निराळे क्रियापद आहे, आणि ‘भाव खाणे’ शब्दशः सांगितले तर कोणालाही कळणार नाही. उलट आपण औषध ‘घेतो’, कोरियन माणूस ते खातो; आपल्याला ऊन बाधते, तो उकाडा खातो; आपण मनाशी ठरवतो, तो मन खातो; आणि फुटबॉलमध्ये आपल्या संघावर गोल झाला, तर तोही खाल्लाच जातो.

सर्वांत सुंदर प्रयोग वयाचा आहे. सॉल्लाल या चांद्र नववर्षाला तांदळाच्या चकत्यांचे ‘त्तॉक्कुक’ हे सूप खातात आणि त्याबरोबर एक वर्षही ‘खाल्ले’, म्हणजे वय एका वर्षाने वाढले, असे म्हणतात. जून २०२३पासून कायद्याने वय वाढदिवसावरून मोजले जाऊ लागले, तरी हा प्रयोग बोलण्यात टिकून आहे. ‘मियॉक्कुक’, म्हणजे समुद्री शेवाळाचे सूप, वाढदिवसाला आवर्जून खातात. पण शेवाळ निसरडे असते, म्हणून ‘मियॉक्कुक खाल्ले’ याचा दुसरा अर्थ ‘परीक्षेत नापास झाले’ असा होतो, आणि परीक्षेच्या दिवशी ते अनेक जण टाळतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर :
सर्वांचे मनापासून आभार. ‘मॉगॉ पोदा’ म्हणजे ‘खाऊन बघणे’ आणि ‘मॉगॉ पॉरिदा’ म्हणजे ‘खाऊन टाकणे’, असे समजणे बरोबर आहे का?

उत्तर १ (पुन्हा) :
बरोबर आहे, रचना अगदी आपल्या संयुक्त क्रियापदांसारखीच आहे. फक्त भूतकाळात ‘मॉगॉ प्वास्सॉयो’ याचा अर्थ बहुधा ‘पूर्वी कधीतरी खाल्ले आहे’ असा, अनुभवाचा होतो. त्या अधिकाऱ्यांना एखादा पदार्थ देताना मात्र ‘दुश्यॉ पोसेयो’ म्हणा; म्हणजे ‘खाऊन बघा’ही होईल आणि आदरही राहील.