मदत हवी आहे: 'जॉनी गिटार'मधल्या व्हिएन्नाने मराठीत 'मी विकते' म्हणावं की 'मी विकतो'?

नमस्कार मंडळी,

आईसाठी 'जॉनी गिटार' (१९५४) या वेस्टर्नची, म्हणजे अमेरिकी काउबॉयपटाची, मराठी सबटायटल्स करतेय. आई कोल्हापूरची, वय ७४, इंग्रजी येत नाही. मागच्या खेपेला डीव्हीडी लावली आणि शेजारी बसून एकेक वाक्य सांगायला लागले. वीस मिनिटांत ती म्हणाली, "तू बोलतीस तवर त्या बाईचं तोंड बघायचं ऱ्हातंय. लिहून दे, मी वाचतो." तेव्हापासून मनावर घेतलंय. दोनतृतीयांश काम झालं आणि आता अडलंय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रेल्वे येणार म्हणून व्हिएन्ना (जोन क्रॉफर्ड) अॅरिझोनात गावाबाहेर सलून (दारू-जुगाराचा अड्डा) टाकून बसली आहे. गुरांच्या मालकांना ना रेल्वे हवी, ना ती. एमा (मर्सिडीज मॅककॅम्ब्रिज) तर तिच्या जिवावरच उठलेली. बँकेवर दरोडा पडतो तेव्हा व्हिएन्ना तिथे स्वतःचे पैसे काढायला गेलेली असते. तेवढ्यावर ती दरोडेखोरांची साथीदार ठरते आणि तिच्यासाठी फासाचा दोर निघतो.

आता अडचण. सुरुवातीलाच ती जिन्याच्या वरच्या टोकाला उभी आहे, काळा शर्ट, पँट, हातात पिस्तूल, खाली सगळा जमाव. मी लिहिलंय: "खाली दारू आणि पत्ते विकतो. जिना चढलात तर डोक्यात गोळी." हे 'विकतो' आपोआप आलं, कारण माझ्या कानात आईचा आवाज होता. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो'च म्हणतात, त्यात पुरुषीपणा काही नसतो. पण पुण्याच्या मावशीला दाखवलं तर तिला ती टायपिंगची चूक वाटली. शिवाय सलूनमधला नोकर सुरुवातीच्याच भागात म्हणतो की इतकी पुरुषासारखी बाई पाहिली नाही. त्या वाक्यामुळे मी मुद्दाम तिला पुरुष केलं असा समज होईल का?

सगळ्यात कठीण रात्रीचा स्वयंपाकघरातला प्रसंग. पाच वर्षांनी भेटलेला तिचा जुना प्रियकर जॉनी तिला म्हणतो, खोटं का होईना, पण गोड काहीतरी बोल. तो सांगेल ते ती कोरड्या आवाजात तसंच्या तसं म्हणते. 'मी वाट पाहिली' इथे सुटका होते, क्रियापद 'वाट'शी जुळतं. पुढचंच वाक्य मात्र 'तू आला नसतास तर मी मेले असते' की 'मेलो असतो'? आई 'मेलो असतो'च म्हणेल, आणि मला तेच जास्त खरं वाटतं. तुमचं मत हवंय, विशेषतः कोल्हापूर-सांगलीबाहेरच्यांचं.

अजून दोन शब्द अडलेत. 'आउटलॉ'ला 'दरोडेखोर' म्हटलं की गुन्हा सिद्धच होतो, आणि हिने तर काही लुटलेलं नाही. 'फरारी' चालेल? आणि 'पॉसी'ला, म्हणजे गुन्हेगारांच्या मागावर निघालेल्या गावकऱ्यांच्या घोळक्याला, काय? 'टोळी' लिहिलं तर पाठलाग करणारे गावकरी आणि दरोडेखोर एकाच शब्दात येतात. सध्या 'जथा' ठेवलाय.

दरोडेखोरांतल्या जखमी पोराला, टर्कीला, फास चुकवण्याचं आमिष दाखवून व्हिएन्नाचं नाव घ्यायला लावतात, तिथे एकही शब्द सैल नको आहे. त्या काळी हॉलीवूडमध्ये कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावं सांगा म्हणून दबाव होता. जॉनी झालेल्या स्टर्लिंग हेडननेच १९५१ साली अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे नावं घेतली होती आणि त्याचा त्याला पुढे फार पस्तावा झाला. हे कळल्यापासून तो प्रसंग मी चार वेळा पुन्हा लिहिलाय.

शेवटचं तांत्रिक: पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर लावलं की जोडाक्षरं फुटतात. 'व्हिएन्ना'चं 'व् हिएन् ना' दिसतं. फाइल यूटीएफ-८ मध्येच (मराठी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत) जतन केली आहे, लॅपटॉपवर सगळं नीट दिसतं. अक्षरं चित्रातच कायमची छापून घेता येतात असं वाचलं. कुणी केलंय का, कोणत्या सॉफ्टवेअरने, आणि अक्षरांचा आकार किती ठेवला? आईला मोठी अक्षरं लागतात, दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर तिला पुरा वाचता येत नाही.

ती दिवाळीला येतेय.