मदत हवी आहे: 'हुला काहिको' मंचावर कितपत दाखवावा?

आमच्या नृत्यवर्गात हवाईच्या हुला या पारंपरिक नृत्यावर छोटं सप्रयोग व्याख्यान ठेवलंय. इतिहास जमवलाय: 1830 मधली राणी काआहुमानूची बंदी, 1883 मध्ये राजा कालाकाउआच्या राज्याभिषेकात परत उघडपणे झालेला हुला. हवाईतल्या हिलो शहरातल्या मेरी मोनार्क या हुला महोत्सवाची रेकॉर्डिंग्जही पाहिली. इपू हे भोपळ्याचं वाद्य जमिनीवर आपटून लगेच तळहाताने वाजवतात, ते बघण्यासारखं आहे!

उकुलेलेवरच्या (छोट्या गिटारसारख्या वाद्यावरच्या) आधुनिक हुलाची, म्हणजे 'आउआना'ची, अडचण नाही. प्रश्न जुन्या, पठणावरच्या 'काहिको'चा. त्यात देवदेवतांची, राजवंशाची स्तवनं असतात आणि ती गुरूकडून, म्हणजे कुमू हुलाकडून, शिकायची असतात. गवती घागऱ्या घालून नक्कल तर करायचीच नाही.

हालाउमध्ये, म्हणजे हुलाच्या शाळेत, रीतसर शिकलेलं कुणी आहे का इथे? न शिकलेल्यांनी काहिकोच्या नुसत्या हस्तमुद्रा दाखवलेल्या चालतात, की फक्त रेकॉर्डिंगच दाखवावं?