मदत हवी आहे: पत्र्यावरची डिशची छत्री वाऱ्यानं फिरली, स्वतः लावावी का? (कोल्हापूर)

पेठकर_७४: शिवाजी पेठेत जुनं घर, वर सिमेंटचे पत्रे. वळिवात दूरदर्शनच्या फ्री डिशची 60 सेमी छत्री फिरली. बॉक्सवर सिग्नलची स्ट्रेंग्थ 78, क्वालिटी शून्य. डिशवाला आठ दिवसांनी येतो म्हणतोय. 13 चा पाना आहे, होकायंत्र मोबाईलमध्ये आहे. चढू का? गल्लीतल्या तारा पत्र्याला लागूनच जातात.

ओळंबा: तारांचं पहिल्यांदा लिहायचं राव! छत्रीचा खांब किंवा शिडी हातातून सुटून आडवी झाली तर तारेला पोचते का बघा. पोचत असेल तर विषय संपला, चढायचं नाही. तार 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) असेल तर टेकायचीही गरज नाही, लोखंड नुसतं जवळ गेलं तरी ठिणगी उडी घेते.

दुसरं, सिमेंटचा पत्रा आधी वाकत नाही, एकदम फुटतो. हुकांची ओळ दिसते तिच्याखाली आडवा पाइप किंवा वासा असतो. किमान दोन ओळींवर टेकेल अशी फळी टाकून त्या फळीवरूनच चालायचं, हुकांच्या दोन ओळींच्या मधे पत्र्यावर पाय नाही. शेवाळ ओलं असेल तर फळीही घसरते.

एफ_कनेक्टर: झिणझिण्यांचं कुणी सांगत नाही. एलएनबीला (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) बॉक्सकडून 13 नाहीतर 18 व्होल्ट डीसी जातात, त्यानं काही होत नाही. पण दोन पिनी अडॅप्टरला अर्थिंग नसतं. त्याच्या फिल्टरमधून किंचित करंट केबलच्या जाळीवर येतो, जाळी एलएनबीच्या धातूला जोडलेली. चटका मामुली, पण दचकून तोल गेला की माणूस खाली. कनेक्टर उघडण्याआधी बॉक्स आणि टीव्ही, दोन्हींचे प्लग काढा. जाळीची एक तार मधल्या तांब्याला टेकली तरी बॉक्सचा पुरवठा शॉर्ट होतो.

पेठकर_७४: खांब आडवा झाला तर तारेला पोचतो. म्हणजे थांबायचं. तोवर खालून काही कळेल का?

ओळंबा: कळेल की. 78 हा आकडा बराचसा एलएनबीच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटाचा (नॉइज) असतो, उपग्रहाच्या सिग्नलचा नाही. म्हणजे केबल आणि एलएनबी बहुतेक जिवंत आहेत, दिशा तेवढी चुकलीय. नवीन एलएनबीचे पैसे आधीच देऊ नका.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर. कोल्हापुरातून दिशा उत्तरेपासून 129 अंश, म्हणजे आग्नेयेच्या जरा पूर्वेकडे. क्षितिजापासून उंची 60 अंश, एलएनबी सुमारे 48 अंश तिरका. ऑफसेट छत्री (एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो ती) दिसायला तेवढी वर बघत नाही, छत्रीमागच्या अंशांच्या पट्टीवरचा आकडा मानायचा. तोही खांब ओळंब्यात असेल तरच खरा. एका अंशाची चूक म्हणजे छत्रीच्या कडेला जेमतेम 5 मिमी, आणि शेजारी 95 अंशावर दुसरा उपग्रह आहे. मोबाईलचं होकायंत्र लोखंडापासून दोन मीटर लांब धरून बघा, लोखंडी खांब-पाइपाजवळ ते काहीही दाखवतं.

एफ_कनेक्टर: डिशवाला आला की खांबाच्या क्लॅम्पला स्प्रिंग वॉशर घालायला लावा. नट नुसतेच आवळले तर पुढच्या वळिवात छत्री परत फिरू शकते.